झॉम्बींच्या खेळात सॅक कशी भरावी

झॉम्बींच्या रोलप्लेइंग गेमला पहिल्यांदा बसलेला खेळाडू कॅरॅक्टर शीटवरच्या सामानाच्या रकान्यात पहिली ओळ लिहितो ती शस्त्राची. बहुतेकदा दुसरीही शस्त्राचीच असते. त्याखाली टॉर्च, दोर, 'थोडं खाणं' असं मोघम काहीतरी येतं आणि रकाना भरतो. पहिलं सेशन मारामारीत निघून जातं. पुढच्या एखाद्या सेशनला गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, विचारतो, "पाणी कुणाकडे किती उरलंय?" आणि टेबलाभोवती सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात.

सामानाचा रकाना नीट भरला तर हा प्रश्न आला की खेळ रंगतो; मोघम भरला तर अडतो. शीटवरच्या जवळजवळ प्रत्येक वस्तूची काहीतरी किंमत असते. ती ओझं वाढवते, आवाज करते, नाहीतर संपते. काही वस्तू यातल्या दोन किंवा तिन्ही गोष्टी करतात. ही किंमत ओळखून निवड केली की सामानाची यादी म्हणजे निर्णयांची यादी होते, आणि झॉम्बींच्या खेळाची सगळी मजा निर्णयांत असते. सामान कसं निवडायचं, हे याच तीन मापांनी पाहू.

उदाहरणासाठी डोंबिवली घेऊ. २०२२ साली आदित्य सरपोतदार यांच्या 'झोंबिवली' या चित्रपटाने झॉम्बी तिथे आणलेच आहेत. शिवाय आपल्याच गावात खेळणं ही या प्रकारच्या खेळांमधली रुळलेली वाट आहे. फँटसी फ्लाइट गेम्सने २०१४ साली काढलेल्या 'द एन्ड ऑफ द वर्ल्ड: झॉम्बी अपॉकलिप्स' या खेळात खेळाडू चक्क स्वतःचंच पात्र खेळतात. आपलं गाव निवडलं की दुकानं, पूल, नाले, टाक्या सगळं पाठ असतं आणि सामानाचा विचार आपोआप खरा होतो. आपल्या उदाहरणात चार पात्रं आहेत: सरकारी रुग्णालयातली परिचारिका, एक वायरमन, ट्रेकिंग करणारी कॉलेजची विद्यार्थिनी आणि एक रिक्षाचालक. डोंबिवलीतून निघून कल्याण-मुरबाड रस्त्याने माळशेज घाटाकडे सरकायचं, असा त्यांचा बेत आहे.

लिहिण्याआधी तीन प्रश्न

पेन हातात घेण्याआधी गेम मास्टरला तीन गोष्टी विचारा.

पहिला प्रश्न, झॉम्बी कसे आहेत? जॉर्ज रोमेरोच्या १९६८ सालच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मधले मुडदे रखडत चालतात; २००२ सालच्या '२८ डेज लेटर'मधले संसर्ग झालेले लोक सुसाट धावतात. संथ झॉम्बी असतील तर ओझं घेऊनही निसटता येतं. धावणारे असतील तर सॅक हलकीच हवी. 'ऑल फ्लेश मस्ट बी ईटन' या खेळात तर गेम मास्टर झॉम्बी घडवतानाच त्याचं मर्मस्थान कुठे, वेग किती, ताकद किती, त्याला दिसतं-ऐकू येतं किती, अक्कल किती आणि संसर्ग कसा पसरतो हे एकेक करून ठरवतो. हे सगळं तो आधी उघड करणार नाही आणि करूही नये. पण पात्रांना एवढ्या दिवसांत जे कळलेलं असेल, ते खेळाडूंना कळायला हवं. 'डोक्यावर घाव घातल्याशिवाय ते पडत नाहीत' आणि 'ते आवाजाच्या दिशेने येतात' एवढ्या दोन वाक्यांनीही यादी बदलते.

दुसरा प्रश्न, ओझ्याचा नियम कोणता? 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीत शक्ती १० असलेलं पात्र १५० पौंड, म्हणजे सुमारे ६८ किलो उचलून फिरू शकतं. शूरवीरांच्या कथेला ते शोभतं, जगण्याच्या कथेला नाही. 'नेव्ह'सारख्या छोट्या खेळात किलो मोजत नाहीत. ठरावीक खाने असतात आणि वस्तू त्यात बसवायच्या असतात. 'ब्लेड्स इन द डार्क'मध्ये हलकं, मध्यम किंवा जड असं ओझं आधी ठरवायचं आणि कोणती वस्तू काढली ते गरज पडेल तेव्हा जाहीर करायचं. तुमच्या टेबलावर काय चालणार आहे हे कळल्याशिवाय यादी करू नका.

तिसरा प्रश्न, ऋतू कोणता आणि किती दिवसांची गोष्ट आहे? मे महिन्यातली डोंबिवली आणि जुलैतली डोंबिवली या सामानाच्या दृष्टीने दोन वेगळ्या जागा आहेत. मे असेल तर पाणी दुप्पट लागेल. जुलै असेल तर पाणी आभाळातून मिळेल, पण काडेपेटी, बॅटऱ्या, औषधं आणि मोजे कोरडे ठेवणं हेच रोजचं काम होईल.

ओझं: दोन लिटर पाण्याची किंमत

ओझ्याचा हिशेब कसा बसतो हे जवळून पाहण्यासाठी 'गर्प्स' ही नियमावली घेऊ, कारण तिच्यात तो स्वच्छ दिसतो. 'गर्प्स'मध्ये शक्तीचा वर्ग करून त्याला ५ ने भागलं की पात्राला सहज पेलणारं वजन पौंडांत मिळतं. सामान्य माणसाची शक्ती १०, म्हणजे २० पौंड, साधारण ९ किलो. तेवढ्यापर्यंत हालचालीवर काही परिणाम होत नाही. त्यापुढे १८ किलोपर्यंत हलकं ओझं: वेग पाचावरून चारावर येतो आणि वार चुकवण्याच्या क्षमतेतून, म्हणजे डॉजमधून, १ वजा होतो. पुढे २७ किलोपर्यंत मध्यम ओझं: वेग तीन आणि डॉजमधून २ वजा.

आता आपल्या परिचारिकेची सॅक भरू. रिकामी सॅक १ किलो. बाटल्यांसह तीन लिटर पाणी ३.२ किलो. दोन दिवसांचं कोरडं खाणं ८०० ग्रॅम. औषधांची पिशवी १ किलो. कपड्यांचा एक जोड आणि रेनकोट मिळून १.३ किलो. हेडटॉर्च, लायटर, सुरी, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या असं किरकोळ अर्धा किलो. कोयता ७०० ग्रॅम. बेरीज साडेआठ किलो होते. मर्यादेपासून ती अर्धा किलो दूर आहे.

अशा वेळी कुणीतरी म्हणतं, "आणखी दोन लिटर पाणी घेऊन ठेव, पुढे मिळेल न मिळेल." बेरीज साडेदहा किलोवर जाते. सर्वसाधारण पात्राचा डॉज ८ असतो. तीन फाशांची बेरीज ८ किंवा त्याहून कमी आली तर वार चुकतो. ही शक्यता सुमारे २६ टक्के आहे. डॉज ७ झाला की ती १६ टक्क्यांवर येते. म्हणजे त्या दोन बाटल्यांसाठी परिचारिकेने झॉम्बीच्या हातून निसटण्याची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त संधी सोडली. हे बरोबर की चूक ते पुढे विहीर आहे की नाही यावर ठरेल. खेळाडूने मात्र आकडा समोर ठेवून निर्णय घ्यायला हवा.

यावर एक साधा उपाय आहे. सामान तीन जागी लिहा: अंगावर, सॅकमध्ये, आणि गाडीत किंवा तळावर. सॅक टाकून पळायची वेळ या खेळात येतेच, आणि सॅक टाकताच वेग आणि डॉज परत मिळतात. त्या क्षणी पात्राकडे उरतं ते फक्त अंगावरचं. म्हणून लायटर, सुरी, पाण्याची एक छोटी बाटली, शुद्धीकरणाच्या गोळ्यांची एक पट्टी आणि चालू असलेली स्वतःची औषधं खिशात किंवा कमरेच्या पाऊचमध्ये असायला हवीत. 'अंगावर' हा रकाना शीटवर नसेल तर पेन्सिलने आखून घ्या.

पाणी: बाटलीआधी जागा शोधा

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २०११ साली झॉम्बींचं निमित्त करून आपत्तीच्या तयारीची यादी प्रसिद्ध केली होती. वादळं, भूकंप, साथी यांसाठी लोकांनी घरात काय ठेवावं हे त्यातून सांगायचं होतं. त्या यादीत पहिलं पाणी होतं, माणशी दर दिवशी एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास. शस्त्र त्यात नव्हतंच. चार माणसांना तीन दिवस या हिशेबाने ४५ लिटर, म्हणजे ४५ किलो पाणी लागेल. पाठीवर ते नेणं शक्य नाही. त्यामुळे शीटवर पाण्याच्या बाटल्या मर्यादित ठेवा आणि पाणी मिळवण्याची व शुद्ध करण्याची साधनं जास्त घ्या.

डोंबिवलीत पाणी कुठे सापडेल? वीज गेली की सोसायटीचे पंप थांबतात, पण गच्चीवरच्या टाकीत उरलेलं पाणी तसंच असतं. ते मिळवायला जिने चढावे लागतात, आणि वायरमनचं पात्र इथे कामाला येतं, कारण गच्चीचं कुलूप आणि टाकीचे व्हॉल्व्ह त्याला कळतात. खाडीचं पाणी खारं आहे, ते उकळून उपयोग नाही. कल्याणच्या बाजूला वालधुनी नदी आहे, पण तिच्यात कारखान्यांचं सांडपाणी जात आलेलं आहे. उकळल्याने किंवा क्लोरीनच्या गोळीने जंतू मरतात, रसायनं जात नाहीत. हे पात्रांना माहीत असेल तर नदीकाठी उभं राहूनही त्यांना तहान सोसायची की धोका पत्करायचा हे ठरवावं लागेल. असा प्रसंग गेम मास्टरला फुकट मिळतो.

शुद्धीकरणाची दोन साधनं घ्या. पाणी खळखळून एक मिनिट उकळणं हा खात्रीचा उपाय, पण त्याला भांडं आणि इंधन लागतं, आणि धूर होतो. क्लोरीनची गोळी हलकी आणि शांत, पण साधारण अर्धा तास थांबावं लागतं आणि गोळ्या संपतात. पहिल्या उपायाला धुराची किंमत आहे, दुसऱ्याला संपण्याची. जवळ पातळ सुती कापड असू द्या. गढूळ पाणी आधी गाळून घेतलं तरच गोळी नीट काम करते.

खाणं: शिजवावं न लागणारं

खाणं निवडताना दोन गोष्टी पाहा: दर किलोला किती कॅलरी मिळतात आणि ते खाण्यासाठी काय काय करावं लागतं. भाजलेल्या शेंगदाण्यांत १०० ग्रॅमला साधारण ५६० कॅलरी असतात, गुळात ३८० च्या आसपास. म्हणजे २५० ग्रॅम दाणे आणि १५० ग्रॅम गूळ यांत एका माणसाच्या एका दिवसाच्या जवळजवळ २,००० कॅलरी बसतात, अवघ्या ४०० ग्रॅममध्ये. चिक्की, खजूर, सातूचं पीठ, पोहे हे सगळे याच कुळातले. पोहे थंड पाण्यात भिजवूनही खाता येतात. चुरमुरे वजनाला हलके, पण सॅकमधली सगळी जागा खातात. खारट चिवडा तहान वाढवतो. तांदूळ आणि डाळ तळावर ठेवायच्या वस्तू, कारण त्यांना पाणी, इंधन आणि वेळ तिन्ही लागतं.

एक गोष्ट मात्र यादीतून काढूनच टाका: प्रेशर कुकर. तो जड आहेच, पण शिट्टी झाली की आसपासच्या गल्ल्यांना पत्ता कळतो. शिजवायचंच असेल तर झाकणाचा पातळ टोप घ्या. स्टीलची भांडी एकमेकांवर आपटू नयेत म्हणून फडक्यात बांधली आहेत असं शीटवर लिहून ठेवा. गेम मास्टरने आवाजासाठी फासे टाकायला सांगितले की ती ओळ दाखवा.

आवाज आणि शस्त्र

शस्त्र निवडताना नुकसानीचा आकडा शेवटी पाहा. आधी पाहा की ते किती आवाज करतं. 'झॉम्बिसाइड' या २०१२ सालच्या बोर्ड गेममध्ये हा नियम ठळक आहे: आवाज करणाऱ्या प्रत्येक कृतीमागे एक खूण पडते आणि ज्यांना समोर कुणी दिसत नाही असे झॉम्बी सर्वांत जास्त आवाज असलेल्या जागेकडे वळतात. तुमच्या रोलप्लेइंग गेममध्ये असा नियम नसला तरी गेम मास्टरकडे तो मागून घ्या. खेळ त्याने फार सुधारतो.

बंदुकीचा मोह होतो, पण आपल्याकडे ती सहज मिळत नाही आणि हे वास्तव खेळाला पोषकच आहे. परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही; शहरात ती पोलिसांकडे असते, मुरबाडकडच्या एखाद्या गावात शेतकऱ्याकडे परवान्याची बाराबोअर किंवा ठासणीची बंदूक असू शकते. म्हणून पात्राकडे बंदूक असेल तर ती कुठून आली, गोळ्या किती आणि पात्र ती चालवायला कधी शिकलं, या तिन्हींची उत्तरं शीटवर हवीत. उत्तरं नसतील तर बंदूक लिहू नका. ठासणीची बंदूक पुन्हा भरायला जो वेळ लागतो तेवढ्यात झॉम्बी अंगावर येतील. ती लढण्यापेक्षा लांबवर गोंगाट करून कळप दुसरीकडे वळवायला बरी.

हातातल्या शस्त्रांत लाठीला कमी लेखू नका. तिची पोच लांब आहे, ती हलकी आहे, चालताना आधार देते, आणि 'गर्प्स'मध्ये लांब काठीने बचाव करताना २ गुणांची भर मिळते. कुऱ्हाडीचा घाव जबर, पण त्याच नियमांनुसार घाव घातल्यावर त्या फेरीत तिनेच वार अडवता येत नाही. कोयता मधला मार्ग आहे, आणि तो झाडी तोडायला, नारळ फोडायलाही चालतो. क्रिकेटची बॅट घराघरात सापडते, सव्वा किलोच्या आसपास भरते, पण तिला दुसरा काही उपयोग नाही. लांब पहार जड. त्यापेक्षा हातभर कटावणी घ्या, ती दारं, शटर आणि खोकी उघडते. एका वस्तूचे दोन उपयोग होत असतील तर तिचं ओझं निम्मं धरायला हरकत नाही.

शस्त्राइतकंच लक्ष वळवण्याचं साधन महत्त्वाचं आहे. २०१६ सालच्या 'ट्रेन टू बुसान'मध्ये माणसं फोनच्या रिंगटोनने झॉम्बींना दुसरीकडे वळवतात. नेटवर्क नसलं तरी जुन्या मोबाइलचा अलार्म वाजतोच. दहा मिनिटांनंतरचा अलार्म लावून फोन एका टोकाला ठेवायचा आणि दुसऱ्या टोकाने निघायचं. असा एक जुना, भंगारातला, पण चार्ज असलेला फोन शीटवर असणं हे कित्येकदा कोयत्याहून मोलाचं ठरतं.

अंगावरचं

चिलखताच्या रकान्यात अनेकजण काहीच लिहीत नाहीत. घरातच पुष्कळ सापडतं. जाड डेनिमचं जॅकेट, चामड्याचे हातमोजे, दुचाकीचं हेल्मेट. 'ट्रेन टू बुसान'मधली माणसं हातांवर टेप गुंडाळतात. जाड मासिक मनगटाभोवती बांधून वर पॅकिंगची चिकटपट्टी लावली तरी चाव्यापासून आडोसा मिळतो असं बरेच गेम मास्टर मान्य करतात. हेल्मेटची किंमतही मान्य करा: कमी ऐकू येतं, बाजूचं कमी दिसतं, आणि मे महिन्यात डोकं उकडतं. कानोसा घ्यायच्या फाशांवर त्याचा परिणाम व्हायला हवा.

पायांकडे दुर्लक्ष नको. चप्पल घालून रेल्वेरुळांच्या खडीवरून चालता येत नाही, आणि लोकल बंद पडल्यावर रूळ हाच शहराबाहेर पडायचा एक मोकळा रस्ता उरतो. पक्के बूट आणि मोज्यांचे दोन जोड लिहा. पावसाळ्यात एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बंद असू द्या. पायाला फोड आले की वेग कमी होतो, असा नियम गेम मास्टरला सुचवा.

औषधं आणि ज्याच्या हाती ती शोभतात

औषधांच्या पिशवीत काय आहे ते नावाने लिहा: ओआरएसची पाकिटं, जखमेवरचं जंतुनाशक, गॉज, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, पॅरासिटामॉल, जुलाब थांबवायच्या गोळ्या, रबरी हातमोजे, सॅनिटरी पॅड. ओआरएस संपलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण पात्रालाच काय, खेळाडूलाही पाठ असावं. म्हणून थोडं मीठ आणि साखर घेतलेली बरी. झॉम्बींच्या खेळात चावण्याने जितकी पात्रं मरतात, तितकीच दूषित पाण्याने आणि साध्या जखमा चिघळून मरू शकतात. गेम मास्टरने ही भीती खरी ठेवली तर परिचारिकेचं पात्र गटातलं सर्वांत मोलाचं होतं.

वस्तूला कौशल्याची जोड लागते. टाके घालायचं साहित्य ज्याला वापरता येत नाही त्याच्या सॅकमध्ये ते नुसतं वजन आहे. वायरमनकडे टेस्टर, पक्कड, इन्सुलेशन टेप, रबरी हातमोजे. विद्यार्थिनीकडे २० मीटर दोर, जो साधारण दीड किलो भरतो, आणि दोन कॅराबिनर. असं सामान पात्राच्या हातांना साजेसं द्या.

एखाद्या पात्राला रोज औषध लागत असेल तर ते टाळू नका. इन्सुलिन घेणारं पात्र असेल तर थंडाव्याचा प्रश्न येतो. वापरातली कुपी उष्णतेपासून जपली तर साधारण चार आठवडे टिकते, आणि फ्रीज नसलेल्या घरांत ती मातीच्या मडक्यात ठेवतात. जिवापाड जपायचं एक मडकं आणि पुढची कुपी कुठल्या औषधाच्या दुकानात मिळेल हा शोध, एवढ्यावर चार सेशन उभी राहतात. चष्मा असलेल्या पात्राने दुसरा चष्मा जरूर लिहावा.

उजेड, गाडी, बातमी

हातातल्या टॉर्चपेक्षा हेडटॉर्च घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात. झॉम्बींना दिसत असेल तर उजेडही आवाजाइतकाच धोक्याचा, म्हणून तो झाकायला काळं फडकं ठेवा. गटातली सगळी उपकरणं एकाच आकाराच्या बॅटरीवर चालतील असं पाहा.

रिक्षाचालकाचं पात्र रिक्षा घेऊन येईल, आणि गट खूश होईल. पण मुंबई परिसरातल्या रिक्षा सीएनजीवर चालतात, आणि पंपावर गॅस भरायला वीज लागते. टाकीत आहे तेवढाच प्रवास. पेट्रोलही काही महिने पडून राहिलं की खराब होतं. गाडीला संपणारी वस्तूच माना आणि किती किलोमीटर उरले ते शीटवर आकड्यात लिहा.

सेलवरचा छोटा रेडिओ आणि कागदी नकाशा घ्या. फोनमध्ये आधी उतरवलेला नकाशा नेटवर्कशिवाय चालतो, पण चार्जिंग असेपर्यंतच. खडूचे दोन तुकडे घ्या: वजन नाही, आवाज नाही, आणि भिंतीवर एकमेकांसाठी खूण ठेवता येते.

वाटणी

गटाची यादी एकत्र बसून करा. नियम एकच: ज्याच्यावाचून जीव जाईल ते दोघांकडे हवं. या खेळात पात्रं मरतात आणि मेलेल्याची सॅक झॉम्बींच्या घोळक्यात राहते. लायटर, शुद्धीकरणाच्या गोळ्या, सुरी, टॉर्च प्रत्येकाकडे. औषधं दोन पिशव्यांत विभागलेली. दोर, टोप, रेडिओ, ताडपत्री गटात एकेक पुरे. कुणाकडे काय आहे याचा एक सामाईक कागद टेबलाच्या मधोमध ठेवा. त्याने सेशनमधला वेळ वाचतो आणि 'ते माझ्याकडे होतंच' हे वाद मिटतात.

एक वस्तू मनाची

प्रत्येक पात्राला एक वस्तू अशी द्या जी जगायला लागत नाही. फक्त तिचीही काहीतरी किंमत असू द्या. आपला रिक्षाचालक वारकरी आहे आणि त्याच्याकडे वडिलांचे टाळ आहेत. ते जड नाहीत, पण वाजतात. ते फडक्यात गुंडाळून नेतो म्हटलं तरी धावपळीत फडकं सुटू शकतं. गटाने ते टाकायला सांगितलं तर तो ऐकेल का? पुढे कळप वळवायला दुसरं काहीच उरलं नाही, तर तो ते स्वतःहून वाजवेल का? एका ओळीच्या सामानातून त्या माणसाचा स्वभाव टेबलावर येतो.

संपण्याचा हिशेब

प्रत्येक बिस्कीट मोजत बसलं की खेळ कंटाळवाणा होतो, आणि काहीच मोजलं नाही तर टंचाई जाणवत नाही. यावर 'द ब्लॅक हॅक' या २०१६ सालच्या खेळातला उपाय सोपा आहे. संपणाऱ्या वस्तूला एक फासा द्यायचा. वस्तू वापरली की तो टाकायचा. १ किंवा २ आला तर फासा एका पायरीने लहान होतो, आठ बाजूंचा सहाचा, सहाचा चारचा. चार बाजूंच्या फाशावर १ किंवा २ आला की वस्तू संपली. आठ बाजूंच्या फाशापासून सुरुवात केली तर वस्तू सरासरी नऊ वेळा वापरून होते, सहापासून केली तर पाच वेळा. पाणी, खाणं, बॅटरी, औषधं या चारच गोष्टींना फासे द्या. बाकीचं मोजू नका. गोळ्या मात्र एकेक मोजा, कारण शेवटची गोळी कुणासाठी वापरायची हा प्रश्न सरासरीवर सोडण्यासारखा नाही.

सेशनच्या आधी

यादी झाली की दोन तपासण्या करा. पहिली कागदावर: प्रत्येक ओळीपुढे ओझं, आवाज, संपणं यांपैकी काय लागू आहे त्याची खूण करा. एकही खूण नसलेल्या ओळी फार असतील तर पात्र फार सुखात आहे. गेम मास्टरला सांगून काही काढून टाका. सगळ्याच ओळी शस्त्रांच्या आणि आवाजाच्या निघाल्या तर त्यांतली निम्मी शस्त्रं पाणी आणि औषधांशी बदला.

दुसरी तपासणी पाठीवर. घरातली एखादी सॅक खरोखर नऊ किलोने भरा, पाण्याच्या बाटल्या पुरतात, आणि आपल्या इमारतीचे चार मजले चढून या. आणखी दोन बाटल्या घाला आणि पुन्हा चढा. गुडघ्याचं किंवा पाठीचं दुखणं असेल तर हे काम गटातल्या दुसऱ्याला द्या आणि त्याच्याकडून ऐका. खाली आल्यावर दम लागलेला असतानाच शीट हातात घ्या. कुठली वस्तू सोडायची हे तेव्हा चटकन कळतं. ती खोडा, बेरीज पुन्हा करा, आणि तीच शीट घेऊन खेळायला बसा.